इंग्रजी शिकवायचे, तर शिक्षक इथलाच घडवा

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्र न लागणारे तालुके. बोरघाटाच्या पायथ्याची ही पट्टी, एका अंगाला उल्हास आणि दुसऱ्या अंगाला पाताळगंगा. मुंबईची लोकल कर्जतला आणि खोपोलीला येते, द्रुतगती मार्ग खालापुरातूनच घाटाकडे वळतो, खोपोली आणि रसायनीला कारखाने आहेत, माथेरान कर्जत तालुक्यातच मोडते आणि भातखाचरांच्या शेजारी आता फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे आहेत. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे मोठे मनोरंजन उद्यान सुरू झाले. या साऱ्या कामधंद्याच्या हाकेच्या अंतरावर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वाडीतला मुलगा रिसॉर्टवर कामाला लागतो तो बहुतेक वेळा माळी, सफाईवाला किंवा रखवालदार म्हणून. पाहुण्यांची नोंद करण्याचे, फोन घेण्याचे, बिल करण्याचे काम ज्याला इंग्रजी जमते त्याच्याकडे जाते. कारखान्यात रसायनाच्या पिंपावरचा इशारा इंग्रजीत असतो आणि यंत्राची माहितीपुस्तिकाही. अकरावीला विज्ञान घ्यायचे तर पुस्तके इंग्रजीच. इथल्या आईबापांना मुलाला इंग्रजी यावे असे वाटते, आणि तसे वाटण्यात त्यांचे काहीही चुकत नाही. ते शिकवणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे अर्धे उत्तर २००० साली दिले. प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून असे. निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो बहुतांशी मराठीचे काय होणार याभोवती फिरत राहिला. पहिलीच्या वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाची तयारी किती, ही चर्चा मात्र मागे पडली. तो शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेला, डी.एड. मराठीतून केलेला, आणि इंग्रजीत कोणाशी दोन वाक्ये बोलण्याची गरज आयुष्यात फारशी न पडलेला. त्याच्या हातात नवे पुस्तक आले, काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले आणि तो वर्गावर गेला. पुढे काय झाले याचा अंदाज ‘असर’च्या ग्रामीण पाहणीवरून येतो. ती पाहणी साऱ्या देशाची आहे आणि म्हणून इथल्या वाडीचे नेमके चित्र त्यात दिसणार नाही, पण दिशा दिसते. पाचवीतल्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले २०१६ साली २४.७ टक्के होती आणि २०२२ साली २४.५ टक्के. मधल्या काळात पुस्तके बदलली, ॲप आले, फळ्याशेजारी टीव्ही आला. आकडा जागचा हलला नाही.

या आकड्याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे आहे. मला वाटते, दोष आपण शिक्षकाला ज्या पद्धतीने तयार करतो तिचा आहे. ही पद्धत जुनी आहे आणि ती फसते हेही आपल्याला साठ वर्षांपासून माहीत आहे. १९५९च्या सुमारास तेव्हाच्या मद्रास राज्यात इंग्रजीच्या सुमारे २७ हजार शिक्षकांना नव्या पद्धतीने तयार करण्याची मोहीम निघाली. मूठभर तज्ज्ञांनी काही प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी पुढच्यांना, पुढच्यांनी गावोगावच्या शिक्षकांना. गोळा घरंगळत जाईल तसा मोठा होईल, या कल्पनेने तिला ‘मद्रासचा हिमगोळा’ असे नाव पडले. संख्या वाढली, पण प्रत्येक पायरीवर मूळ आशय पातळ होत गेला, आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचली ती काही ठरावीक कवायत. आपल्याकडचे प्रशिक्षण आजही याच वाटेने येते: राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, केंद्रस्तर. रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे; तिथून गटसाधन केंद्र, तिथून केंद्रशाळा, आणि मग वाडीची शाळा. सभागृहात दोन दिवस बसून, चहा घेऊन, हजेरीवर सही करून परत आलेल्या शिक्षकाला सोमवारी सकाळी पहिली ते चौथीची बावीस मुले एकाच खोलीत भेटतात. सभागृहात दाखवलेला पाठ एका इयत्तेचा, तीस मुलांचा आणि मुंबईच्या घरांचा होता. तो इथे कसा बसवायचा हे त्याला कोणी दाखवलेले नसते, आणि बसवताना चुकले तर शेजारी उभे राहून सांगणारेही कोणी नसते.

उपाय काय, याचेही पुरावे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून एक मोठा प्रयोग झाला. शाळांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले. एका गटातल्या शिक्षकांना पाठांचे टाचण, साहित्य आणि सभागृहातले प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाला तेच टाचण, तेच साहित्य, आणि वर एक मार्गदर्शक मिळाला, जो महिन्याच्या महिन्याला त्यांच्या वर्गात येऊन बसे, पाठ पाही, कधी स्वतः घेऊन दाखवी आणि मग शिक्षकाशी बोले. मुलांच्या मातृभाषेतल्या वाचनात दुसऱ्या गटाची प्रगती पहिल्याच्या दुपटीच्या आसपास निघाली. खर्च थोडा जास्त आला, पण खर्चलेल्या पैशाच्या मानाने मिळकतही जास्त होती. पुढे तिथल्याच म्पुमालांगा प्रांतात हाच प्रयोग इंग्रजीसाठी, म्हणजे दुसऱ्या भाषेसाठी केला. या वेळी एका गटाला वर्गात येणारा मार्गदर्शक दिला आणि दुसऱ्याला टॅबलेटवरून, फोनवरून भेटणारा. तीन वर्षांनी वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाच्या शाळांतली मुले इंग्रजी बोलण्यात आणि वाचण्यात पुढे गेली. टॅबलेटवाल्या शाळांत बोलण्यात थोडी सुधारणा झाली, वाचनात काहीच नाही, आणि मुलांच्या मातृभाषेतल्या वाचनाचे उलट नुकसान झाले. केनियात २०१५ पासून इंग्रजी आणि स्वाहिलीच्या वाचनासाठी देशभर राबवलेल्या ‘तुसोमे’ कार्यक्रमानेही हेच केले. आपल्या केंद्रप्रमुखासारखे जे अधिकारी तिथे आधीपासून होते, त्यांनाच वर्गात जाऊन शिक्षकाला मदत करण्याचे काम दिले आणि प्रत्येक भेटीचा प्रवासखर्च वेळेवर मिळेल अशी सोय केली. प्रवासखर्च ही बाब क्षुल्लक वाटेल, पण पाऊसकाळात कर्जतच्या दुर्गम वाड्यांपर्यंत दुचाकीने जाऊन पाहणाऱ्याला ती क्षुल्लक वाटणार नाही.

घरचा एक धडाही विसरण्यासारखा नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रकल्प चालवला, जो पुढे ‘बंगळुरू प्रकल्प’ म्हणून जगभर गाजला. मुलांना व्याकरणाचे नियम सांगत बसण्यापेक्षा नकाशा वाचणे, वेळापत्रक उलगडणे अशी कामे इंग्रजीतून द्यावीत आणि भाषा त्या कामातून यावी, हा त्यामागचा विचार. विचार आजही टिकून आहे. पण नंतरच्या मूल्यमापनात असे दिसले की प्रकल्पाच्या तज्ज्ञ शिक्षकांना जे साधले ते शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना तितके साधले नाही. पद्धत कितीही चांगली असो, रोज वर्गावर जाणारा माणूस तिच्यात मुरला नाही तर ती तज्ज्ञाबरोबरच गावाबाहेर जाते. दोन महिने येऊन उत्साहाने इंग्रजीची गाणी शिकवून जाणाऱ्या बाहेरच्या स्वयंसेवकांबद्दल माझे म्हणणे हेच आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, मुलेही खूश होतात, पण ते गेल्यावर शाळेत त्यांच्यामागे फारसे काही उरत नाही. त्यांनी मुलांऐवजी शिक्षकाबरोबर दोन महिने काढले तर उरेल.

आता ‘इथला शिक्षक’ म्हणजे कोण, हे नीट सांगितले पाहिजे, कारण कोकणात हा शब्द तापलेला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची भरती आता पवित्र पोर्टलवरून राज्यभराच्या गुणवत्ता यादीने होते. घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले तरुण कोकणात रुजू होतात, मनापासून कामही करतात, आणि काही वर्षांनी आंतरजिल्हा बदली घेऊन घरी जातात. त्यांचा तो हक्क आहे. पण त्यांच्यावर केलेले प्रशिक्षण त्यांच्याबरोबर जाते. अनुसूचित क्षेत्रात यावर एक तोड आहे: राज्यपालांच्या २०१४च्या अधिसूचनेने तिथे शिक्षकासह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. रायगड जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पालघरमध्ये वाडीतल्या मुलीला शिक्षक होण्याची जी वाट निदान कागदावर आहे, ती कर्जतच्या ठाकर किंवा खालापूरच्या कातकरी मुलीला नाही. ही मागणी नवी म्हणता येणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, कारण ते त्या मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे स्पष्ट म्हटले होते. जन्म कुठला यावर माझा भर नाही. जो शिक्षक इथे दहा वर्षे राहणार, वाडीवरची बोली ज्याच्या कानाला सरावलेली आहे, तो इथला. सांगलीहून आलेला गुरुजी कशेळ्याला घर करून राहिला तर तोही इथलाच.

बोलीचा मुद्दा इंग्रजीच्या शिक्षणात कळीचा आहे. शाळेत येणारे कातकरी मूल घरी काथोडी बोलते, ठाकराचे मूल ठाकरी, खालापूरच्या खालच्या अंगाला आगरी. प्रमाण मराठी हीच त्याची शाळेतली पहिली नवी भाषा असते आणि इंग्रजी दुसरी. जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाअखेरीस मांडलेला आणि नंतर अनेक देशांत तपासला गेलेला विचार असा की पहिल्या भाषेत पक्की झालेली वाचनाची, अर्थ लावण्याची समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. पहिली कच्ची राहिली तर दुसरीही कच्चीच राहते. म्हणजे इंग्रजी नीट शिकवू पाहणाऱ्याने आधी मुलाच्या बोलीतून मराठीकडे आणि मराठीतून इंग्रजीकडे जाणारी वाट बांधली पाहिजे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हेच केले. त्या जन्माने अमेरिकन, इंग्रजी त्यांची मातृभाषा, भाषाशास्त्राच्या विदुषी. भारतात स्थायिक होऊन त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. शाळा काढताना त्यांनी कमला निंबकर बालभवन मराठी माध्यमाचे ठेवले आणि इंग्रजी विषय म्हणून कसून शिकवला. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा होती त्यांनी घेतलेला हा निर्णय आपल्या चर्चेत अधिक वेळा यायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ज्या शिक्षकाचे स्वतःचेच इंग्रजी कच्चे आहे तो काय शिकवणार? आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक समज अशी की इंग्रजी उत्तम शिकवतो तो इंग्रजी घरात बोलणारा. १९६१ साली युगांडात इंग्रजीच्या अध्यापनावर झालेल्या राष्ट्रकुल परिषदेनंतर ही समज बरीच बळावली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली तिचा जोरदार प्रतिवाद केला, आणि पीटर मेडगेस यांनी दोन वर्षांनी एक अख्खे पुस्तक लिहून दाखवून दिले की ज्याने ती भाषा स्वतः कष्टाने शिकली त्याला शिकणाऱ्याची अडचण आधी दिसते. मराठी मूल वाक्याच्या शेवटी क्रियापद का ठेवते, ‘अ’ आणि ‘द’ का गाळते, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’नेच का म्हणते, हे मराठी शिक्षकाला आपोआप कळते. बाहेरच्याला नुसती चूक दिसते. दुसरी गोष्ट मात्र खरीच आहे: पहिली-दुसरीच्या वर्गासाठी लागणारे बोलणे शिक्षकाच्या ओठावर असलेच पाहिजे. त्यासाठी त्याने शेक्सपिअर वाचायला नको. वर्ग चालवायला शे-दीडशे वाक्ये लागतात: बसा, उठा, दाखव, कोणाकडे आहे, पुन्हा म्हण, शाब्बास, तू सांग. ती रोज, न अडखळता, बरोबर आघात देऊन म्हणता आली की मुलांच्या कानावर खरे इंग्रजी पडू लागते. एका वर्षाच्या नियमित सरावात हे साधते, पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत साधत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने मराठी शाळांसाठी ‘वी लर्न इंग्लिश’ नावाची रेडिओमालिका केली होती. त्यात मराठीचा हात धरून इंग्रजी बोलायला शिकवलेले होते आणि वर्गातल्या मुलांबरोबर शिक्षकही ऐकून म्हणत असे. यंत्राचा असा उपयोग मला मान्य आहे. रेडिओने किंवा फोनने शिक्षकाच्या कानाला चांगले इंग्रजी द्यावे. शिक्षकाची जागा घेऊ नये.

दुसरा आक्षेप पालकांच्या बाजूचा. एवढा खटाटोप कशाला, सरळ इंग्रजी माध्यमच का नको? नेरळ, कर्जत, खोपोली, मोहोपाडा अशा गावांत इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा वाढल्या आहेत, आणि आदिवासी विकास विभागही निवडक मुलांना इंग्रजी माध्यमाच्या ‘नामांकित’ निवासी शाळांत पाठवतो. ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही, त्याला गणित, परिसर, इतिहास सारे इंग्रजीत दिले तर ते पाठ करते, समजत मात्र नाही, हा जगभराचा अनुभव आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे आहे. त्याहून मोठे कारण व्यवहाराचे आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही शिकवणारा शिक्षक बहुधा याच तालुक्यांतला, मराठी शाळेतून आलेला असतो. माध्यम बदलल्याने त्याची तयारी बदलत नाही. नामांकित शाळेत जाणारी मुले मोजकी; पाथरज आणि भालिवडीच्या आश्रमशाळांत आणि वाडीवाडीच्या दोन शिक्षकी शाळांत राहणारी मुले कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप मराठीची काळजी करणाऱ्यांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. लहान वयात दुसऱ्या भाषेवर जोर दिला तर पहिली मागे पडेल. म्पुमालांगाच्या टॅबलेटवाल्या शाळांत ते घडले, हे वर सांगितलेच. म्हणून वेळापत्रकातला मराठीचा एक तासही इंग्रजीला देऊ नये, आणि इंग्रजीच्या मार्गदर्शकानेच मराठी वाचनही पाहावे. एकच माणूस दोन्ही भाषा पाहील तेव्हा एकीची किंमत दुसरीला मोजावी लागणार नाही. पहिली-दुसरीत इंग्रजी ऐकणे-बोलणे एवढेच असावे. लिहिणे मराठी वाचता येऊ लागल्यावर.

कर्जत-खालापुरात हे उभे कसे राहील? पायाभरणी झालेलीच आहे. दहा-बारा शाळांमागे एक केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहे, महिन्याला शिक्षण परिषद भरते. गेल्या दशकात राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ प्रकल्पाने काही जिल्ह्यांत याच सांगाड्यावर प्राथमिक शिक्षकांचे गट बांधले, जिथे शिक्षकच एकमेकांना पाठ दाखवत आणि त्यावर बोलत. अडचण अशी की केंद्रप्रमुखाचे दिवस माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदींत आणि तालुक्याच्या बैठकांत जातात, आणि शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचली जातात. प्रत्येक केंद्रामागे एक अनुभवी शिक्षक अर्धवेळ मोकळा करून त्याला भाषेचा मार्गदर्शक नेमावे, महिन्यातून एकदा त्याने प्रत्येक शाळेत पूर्ण सकाळ काढावी, त्याला कोणताही तक्ता भरायला लावू नये, आणि शिक्षण परिषदेचे दोन तास फक्त पाठ पाहण्याला द्यावेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षाच्या मध्यावर शाळा सुटलेल्या त्या मुलांना परतल्यावर पुन्हा वर्गात कसे ओढून घ्यायचे, हा या तालुक्यांतल्या प्रशिक्षणाचा कायमचा धडा असायला हवा, कारण पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात बसून केलेल्या कोणत्याही पुस्तिकेत तो सापडणार नाही. आणि डी.एड. होऊन घरी बसलेली इथली मुले-मुली आहेत. लाइट ऑफ लाइफ ट्रस्टचा ‘आनंदो’ उपक्रम कर्जतमध्येच सुरू झाला, माध्यमिक शाळेतून गळणाऱ्या ग्रामीण मुलांना टिकवून ठेवण्यासाठी. अशा संस्थांनी या तरुणांना मानधनावर शाळेत मदतनीस म्हणून उभे केले, तर पुढच्या भरतीत उतरणारा उमेदवार वर्गातून तयार होऊन येईल.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वाडीतल्या त्या पालकांना विनंती आहे: पुढच्या बैठकीत नवा टीव्ही आणि नवा रंग मागण्याआधी एक प्रश्न विचारा, की आमच्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या इंग्रजीच्या तासाला बसून त्यांना मदत करायला या वर्षात कोणी आले होते का. उत्तर नाही असे आले, तर तसा ठराव करा, सह्या करा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.